मोहाच्या झाडावरचे मोबाईल

तोरणमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर मी बारा वर्षं गुरुजी आहे. इथे रेंज येते ती एकाच जागी, वळणावरच्या मोहाच्या झाडाजवळ. म्हणून लोक सकाळी आपापला मोबाईल कापडी पिशवीत घालून त्या झाडाला टांगतात आणि शेतावर जातात. संध्याकाळी पिशवी उतरवायची, कोणाचा निरोप आलाय ते बघायचं. एकाही मोबाईलला कुलूप नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलोच, "अरे, येड लागलं का तुम्हाला? कोणी उघडून बघितलं म्हणजे?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी काय विचारतोय तेच त्यांना कळेना.

मी कोरीटचा, सपाटीवरचा. आमच्याकडे घरातल्या घरात मोबाईल उपडा ठेवतात.

पाड्यावर नवा मोबाईल आला की तो सुरू करून देणं माझ्याकडे. तो ईमेल मागायचा. यांच्याकडे कुठला ईमेल? मी आपला माझाच टाकून द्यायचो. अकरा मोबाईल, ईमेल एक, पासवर्डही एकच. पुढे तो जे जे विचारेल त्याला न वाचता 'परवानगी द्या' दाबत सुटायचो. वर आपण समाजसेवा करतो म्हणून छाती फुगलेली. काय सांगू!

हिवाळ्यात एका रविवारी कोरीटला घरी होतो. बायकोने माझ्या मोबाईलमध्ये लग्नाचे फोटो शोधायला घेतले आणि तिचा आवाज चढला, "तुमना मोबाईलमा हाई बाई कोन शे?"

मी बघितलं आणि गारच पडलो. बाळंतिणीच्या कुशीतले इवलेसे पाय. छपरावर पसरलेली लाल मिरची. बैलाचा सुजलेला खूर, तीन बाजूंनी काढलेला. गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याला दाखवायला कोणी काढलेलं घराचं नवं दार. अकरा घरं माझ्या हातात होती. ती माणसं शेतात राबत होती तेव्हा झाडावर टांगलेले त्यांचे मोबाईल रेंज पकडून, त्या एकाच ईमेलच्या वाटेने, सगळे फोटो माझ्या खिशात आणून ओतत होते, आणि त्यांना पत्ता नव्हता. मलाही नव्हता. बाप रे! एवढी माया असते का माणसांच्या घरात? तिथेच थांबायला हवं होतं. मी नाही थांबलो, बघतच गेलो.

मग पाटी आली. गोंदलेला हात आणि पाटीवर एक वाकडं अक्षर. दुसऱ्या दिवशी तेच, जरा सरळ. मग दोन अक्षरं. असे कितीतरी फोटो, आणि शेवटच्यात अख्खं नाव.

तो हात मी ओळखला. पालकसभेत अंगठा उठवायला पुढे यायचा तोच. "किती दिवस अंगठा?" असं मी तिला सगळ्यांदेखत टाकून बोललो होतो. ती लेकीच्या पाटीवर शिकत होती, आणि लपवत होती ती माझ्यापासूनच.

सोमवारी वर गेलो, तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. पावरी बोलीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"गुरुजी, तू माझी पिशवी उघडली?"

"हो."

"कोणाला सांगितलं?"

"माझ्या बायकोने बघितलं."

"तिला सांग, होळीपर्यंत गप्प राह. नवरा होळीला येईल. त्याच्यासमोर लिहायचं आहे."

त्या संध्याकाळी झाडाखाली सगळ्यांना जमवून माझी चूक कबूल केली. पाटीचे फोटो आधीच पुसले होते; बाकीचे माझ्या मोबाईलमधून त्यांच्यासमोर एकेक करून पुसले, अकराही मोबाईलमधून माझा ईमेल काढला. मग ज्याचं त्याचं खातं उघडायला बसलो. आता प्रत्येक परवानगी मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि ते बिनधास्त "नको" म्हणत होते. नको! हा शब्द मला कधी सुचलाच नव्हता.

तिची पाळी आली. नावाचा रकाना उघडला. सवयीने माझं बोट पुढे गेलं. तिने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. आता ती एवढ्या लोकांत ते नाव एकेक अक्षर शोधून लिहिणार होती आणि होळीचं गुपित इथेच फुटणार होतं. तिच्याकडे कोणी बघू नये म्हणून काहीतरी बोलावं असं वाटलं, सुचेना. शेवटी मी मुकाट्याने तिच्याकडे पाठ केली.

तेव्हा दिसलं, बाकीचे सगळे केव्हाच दरीकडे तोंड करून उभे होते.