बाणाने दाखवलेलं हाड

आमची वहिनी एका कॉलेजच्या ऑनलाइन कोर्समधल्या चित्रांची वर्णनं लिहिते. ज्यांना दिसत नाही त्यांचा कॉम्प्युटर धडा वाचून दाखवतो, पण चित्र आलं की तो अडतो. तिथे वहिनीची वाक्यं लागतात. जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला तिचा लॅपटॉप कायमचा वस्तीला आहे. त्यामुळे आम्ही उरलेले तिघे, म्हणजे आई, दादा आणि मी, दुसऱ्या टोकाला कोपराला कोपर लावून जेवतो.

"चित्र बघून कळतं की," आई सुरुवातीला म्हणायची. "त्यात सांगायचं काय?"

"ज्याला बघता येत नाही त्याला, आई."

"मग त्याला चित्र दाखवतात कशाला?"

वहिनी यावर डोळे मिटून घ्यायची. आईचा प्रश्न वेडगळ नव्हता. कॉलेजातले लोक तोच विचारत, फक्त जास्त लांबलचक भाषेत.

त्या वर्षी तिच्या वाट्याला शरीररचनेचा कोर्स आला आणि त्याच्याबरोबर हाडांचे सर आले. खरं नाव घरात कोणी उच्चारत नसे. सर वाईट नव्हते. हाडांवर त्यांचं प्रेम होतं आणि प्रेमात माणूस जसा हट्टी होतो तसे ते होते. त्यांच्या परीक्षेत चित्रं असत, चित्रावर बाण असे आणि प्रश्न एकच: बाणाने दाखवलेलं हाड कोणतं?

"वर्णन लिहिलंत की उत्तर फुटलं," सर स्पीकरवर म्हणत. "त्यापेक्षा त्या मुलीला हे प्रश्न माफ करू. मला काय, आनंदच आहे."

ती मुलगी म्हणजे कोर्समधली एकमेव दृष्टी नसलेली विद्यार्थिनी. पुढच्या वर्षी इस्पितळात रुग्णांचे आखडलेले हातपाय मोकळे करण्याचं शिक्षण तिला घ्यायचं होतं. प्रश्न माफ झाले तर निकालावर 'सवलतीने उत्तीर्ण' असा शिक्का बसणार होता. इस्पितळाने आधीच कळवलं होतं की सवलतीच्या हातात आम्ही रुग्ण देत नाही.

"ताई, मला माफी नको," ती फोनवर वहिनीला म्हणाली. "मी गुन्हा केलेला नाही. मला पेपर हवाय."

मग वहिनी आणि सर एकेका चित्रावर भांडू लागले. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, एक अंगठ्याच्या बाजूला, एक करंगळीच्या. सरांच्या चित्रात उजवा हात खाली सोडलेला होता, तळवा पुढे, आणि बाण अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर. वहिनीने तसंच लिहिलं.

"अंगठा खोडा," सर म्हणाले. "अंगठा म्हटलं की संपलं."

"सर, बाकीच्यांना चित्रात अंगठा दिसतोच की."

"दिसणं वेगळं आणि सांगणं वेगळं, बाई."

हे वाक्य तिने नंतर भांडी लावताना, कपडे वाळत घालताना, दादाशी भलत्याच विषयावर बोलताना पुन्हा पुन्हा म्हटलं. शेवटी वैतागून तिने अंगठा काढला आणि लिहिलं: दोन हाडांपैकी डावीकडच्या हाडावर बाण आहे. सर खूश झाले. अशीच तडजोड बाकीच्या चित्रांतही झाली. सगळीकडे डावीकडे, उजवीकडे. कोरडं, निःपक्षपाती.

मुलगी नापास झाली.

"अभ्यास कमी पडला असेल," दादा म्हणाला.

"तू गप्प बस." वहिनीने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "हाताच्या प्रश्नाला काय लिहिलंस तू?"

"करंगळीकडचं हाड."

"अगं, का?"

"तुम्ही डावीकडचं म्हणालात. मी माझा उजवा हात खाली सोडला, तळवा पुढे केला आणि चाचपून बघितलं. माझ्या डाव्या बाजूला करंगळीच येते."

वहिनीने स्वतःचा हात खाली सोडला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग लॅपटॉपवरच्या चित्राकडे. चित्र तिच्या समोर उभं होतं, जसा माणूस माणसासमोर उभा राहतो. त्याची उजवी बाजू तिच्या डावीकडे आली होती. ती कागदाची डावी बाजू लिहीत राहिली होती. मुलगी ते शरीराच्या आतून वाचत होती, कारण तिला दुसरीकडून वाचायला जागाच नव्हती. असा एक नाही, पानोपानी घोळ झाला होता.

"आता सरांना सांगितलं तर ते सगळी वर्णनं काढून टाकतील," वहिनी आम्हाला म्हणाली. "त्यांना तेच हवंय. आणि नाही सांगितलं तर ही पोरगी नापास राहील."

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "सुनबाई, चूक झाकली की तिला पिल्लं होतात."

वहिनीने आईकडे असं बघितलं की शेजारी बसून मलाच चटका बसला. पण सरांना फोन लागला.

सर शांतपणे ऐकत होते. शांतपणा संपल्यावर म्हणाले, "म्हणजे वर्णन चुकतं. मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय? प्रश्न माफ करून टाका."

"वर्णन चुकलं नाही, सर. मी चुकले. अंगठा तुम्ही काढायला लावलात, पण डावीकडे हे मी लिहिलं."

"एकूण एकच."

"एकच नाही. तिला नापास करायचं तर करा. पण माझ्या चुकीसाठी नको, तिच्या स्वतःच्या चुकीसाठी करा. तेवढी संधी तरी द्या तिला."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला.

"पेपर पुन्हा घेऊ," सर म्हणाले. "पण वर्णनं मी लिहिणार."

पहिल्या चित्राखाली त्यांनी लिहिलं: 'सुबक, निरोगी हात.' वहिनीने कपाळ लॅपटॉपच्या कडेवर टेकवलं.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात हाडांचा बाजार भरला. सर कॅमेऱ्यासमोर दंड उघडा करून बसत. "शरीराच्या मध्याकडचं म्हणा." "मध्य कुठला, सर, छातीचा की हाताचा?" "छातीचा हो, हाताला कसला आलाय मध्य." दादाने जेवण स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हलवलं. सर एखादा शब्द काढत, वहिनी तो परत घाली, सर पुन्हा काढत. अखेर अंगठा परत आला. सर हरले म्हणून नव्हे, थकले म्हणून.

मुलीने पेपर बाकीच्यांसारखाच दिला, घरी बसून, तेवढ्याच वेळात. दोन प्रश्न चुकली. तिच्या स्वतःच्या चुका होत्या, वहिनीने बारकाईने तपासून घेतल्या. उत्तीर्ण झाली, शिक्क्याशिवाय.

संध्याकाळी तिचा फोन आला. आम्हाला वाटलं आभार मानायला.

"ताई, खांद्याचा प्रश्न फार सोपा केलात. 'पंखासारखं पसरट' लिहिलंत. कोणीही सांगेल. तो एक गुण मला काही बरोबर वाटत नाही."

"अगं बाई, पास झालीस ना? इस्पितळात जा."

"जातेच आहे. पण पुढच्या मुलीला सोपं पडेल."

वहिनीने फोन ठेवला. "सर म्हणतातच, उत्तर फुटतं. आता ही त्यांच्या बाजूला." ती काही तरी पुटपुटत लॅपटॉपपाशी बसली, खांद्याचं चित्र उघडलं आणि 'पंखासारखं' हा शब्द पुसला. मग 'पसरट'पाशी थांबली. स्वतःचा हात मागे वळवून पाठीवर चाचपू लागली. आई ताटं घेऊन आली आणि तिच्या कोपराला वळसा घालून दुसऱ्या टोकाला मांडू लागली.