भाऊजींची लिंक

जगात कुठेही काहीही नवे निघाले, तर रिसोडात ते सर्वांत आधी माझ्या बहिणीच्या यजमानांना कळते, आणि पाचव्या मिनिटाला, गरज असो वा नसो, मला कळते. भाऊजींचे बसस्टँडजवळ मोटार वायंडिंगचे दुकान आहे. जळालेले पंप येतात आणि तांब्याची नवी तार लेवून परत जातात. पण त्यांचा जीव अडकलेला असतो परदेशातल्या एका संकेतस्थळात. तिथे जगभरचे संगणकवाले आपल्याला आवडलेल्या लिंक टाकतात, इतरांना पटले तर ते बाण दाबून गुण देतात, आणि गुण मिळतील तशी लिंक वर चढते. भाऊजी ते पान दर दहा मिनिटांनी उघडतात. त्यांच्या पायाला भिंगरी होतीच, आता अंगठ्यालाही लागली आहे.

जुन्या संगणकात जीव घालायची युक्ती, कुणी काडेपेट्यांचे बनवलेले यंत्र, गोगलगाईच्या झोपेवरचा लेख, सगळे घरच्या ग्रुपवर येऊन पडते. मी न उघडताच अंगठा देतो. ताई तेवढेही करत नाही. "तव्यावरची पोळी जयते अन् हे मले मंगळावरची माती सांगून राह्यले," म्हणते. ऐन ओलिताच्या दिवसांत शिरपूरचा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला, तर भाऊजींनी त्याला समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेटच्या तारेची हकीकत लावली. "भाऊ, आधी मायी तार गुंडाय," तो म्हणाला. भाऊजींनी गुंडाळली, पण मासे तार कुरतडतात तो भाग त्याच्या गाडीपर्यंत जाऊन पुरा केला.

गेल्या महिन्यात मात्र त्यांनी स्वतःची लिंक टाकली. लाइट आली की पंप सुरू करणारा आणि विहीर आटली की बंद करणारा प्रोग्राम त्यांनी दोन वर्षे खपून लिहिला होता. लगेच एक गुण दिसला. मी अभिनंदन केले.

"तो मायाच असते रे. टाकनाऱ्याचा एक आपोआप पडते. दुसरा पायजे."

दुसरा येईना. भाऊजी जेवता जेवता उठू लागले, तारेचे वेढे मोजताना चुकू लागले. एका पंपाचे वायंडिंग तर तीनदा उकलावे लागले. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "काहून रे, इतकं बेक्कार हाय का ते?" मला राहवले नाही. घरी येऊन त्या संकेतस्थळावर खाते उघडले, त्यांची लिंक शोधली आणि बाण दाबला.

तासाभरात पेढ्यांचा पुडा घेऊन ते दारात हजर. "दोन झाले. तिकडं कुठं तरी एका मानसानं थांबून पाह्यलं." पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "पुरं वाचलं असन का रे त्यानं? का नुसतंच दाबलं?"

"वाचलंच असन," मी म्हणालो. पेढा हातातच राहिला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ते गेल्यावर मी ती लिंक पहिल्यांदा उघडली. प्रोग्राम कळला नाही, पण ओळीओळींच्या मध्ये भाऊजींनी आपल्याच बोलीत टिपा लिहून ठेवल्या होत्या. 'इथं लाइट गेली त घाबरू नोको, थांब.' 'इथं विहीर कोरडी झाली, मोटर जयन, लवकर बंद कर.' आणि अगदी शेवटी, 'कोनाले समजलं नसन त रिसोडात ये. दुकानात बसून सांगतो.'

सकाळी दुकान उघडायच्या वेळी जाऊन स्टुलावर बसलो.

"भाऊजी, मले नाही समजलं. सांगा."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले, हातातली तार खाली ठेवली आणि आपले स्टूल माझ्याजवळ ओढले.