'स्टँड'ची एकेचाळिसावी नोंद

महावीर चौगुले यांच्या वहीत इंग्रजी शब्द एकच आहे आणि त्याचे वापर चौऱ्याण्णव. शब्द 'स्टँड'. सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातला हा माणूस मास्तर म्हणून माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत गेला आणि तिथं सोळा वर्षं राहिला. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, इंग्रजी कुणाला येतं? एकही हात वर झाला नाही. मग विचारलं, दहिवडीत एसटी कुठं थांबते? "स्टँडवर," सगळी पोरं एका सुरात म्हणाली. सरांनी फळ्यावर आकडा टाकला: एक.

तिथून हा खेळ सुरू झाला. नियम दोनच होते. वापर डिक्शनरीतून काढायचा नाही, माणसाच्या तोंडून आणायचा. आणि जो आणेल त्याचं नाव, ज्याच्याकडून आणला त्याच्या नावासकट, वहीत लागेल. पोरं कामाला लागली. ज्ञानूनं आधी सायकलचं स्टँड आणलं, मग बँडवाल्या मामाकडून माइकचं. केरबाचा बाप मुंबईत हमाली करायचा. त्यानं फोनवरून 'स्टँडबाय' कळवलं, म्हणजे कामाचा नंबर लागेपर्यंत बसून राहायचं. कुणी कोर्टातल्या साक्षीदाराचं आणलं, कुणी इलेक्शनला उभं राहण्याचं, कुणी शिवणक्लासातल्या कॉलरचं. 'आय कान्ट स्टँड यू' हे साताऱ्याला कॉलेजात शिकणाऱ्या एका थोरल्या बहिणीनं दिलं. ते कोण कुणाला म्हणालं, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

शाळेचा फोटो पेपरात आला. सरांचं नाव तालुक्यात झालं. निवृत्तीनंतर ते सांगलीत विश्रामबागला घरी परतले आणि यंदा जुन्या विद्यार्थ्यांनी वहीचं पुस्तक करायचं मनावर घेतलं. टायपिंगला शेजारची प्राची होती. ती एका दुपारी वही घेऊन आली. म्हणाली, "सर, एकेचाळीस नंबरला आणणाऱ्याच्या जागी 'स्वतः' लिहिलंय. बाकी सगळीकडं मुलांची नावं आहेत. इथं तुमचं पूर्ण नाव घालू का?"

ते राहू दे, पुढं जा, असं सरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा ते उठून आत गेले.

एकेचाळिसावी नोंद एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारची. सकाळची शाळा होती. सातवीतली समीक्षा विरकर उभी राहिली आणि म्हणाली, "स्टँड टू." म्हणजे काय? फौजेत पहाटे हल्ल्याची वेळ असते, तेव्हा सगळ्यांनी बंदुका घेऊन आपापल्या जागेवर तयार राहायचं. कुणी सांगितलं? आज्यानं. तिचा आजा आप्पासो लष्करात स्वयंपाकी होता. घरी आल्यावर त्यानं पुन्हा मेंढरं धरली होती.

सरांनी हा वापर कधी ऐकला नव्हता. स्टँडच्या पुढं 'टू' लागत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पोरगी खाली बसली असती तर विषय तिथंच संपला असता. पण ती म्हणाली, आजा त्या टायमाला च्या घेऊन जायचा, त्याला म्हाईत हाय. सातवीची पोर तोंडावर उत्तर देते, हे सरांना लागलं.

"तुझा आजा मेंढरं इंग्रजीत हाकतो काय?" ते म्हणाले.

वर्ग हसला. समीक्षा बसली.

त्या संध्याकाळी खोलीवर सरांनी डिक्शनरी उघडली. 'स्टँड टू' त्यात होतं, आणि पोरीनं सांगितलेल्या अर्थानंच होतं. त्यांनी वहीत नोंद केली. नावाच्या रकान्याशी आल्यावर पेन थांबलं. तिचं नाव लिहायचं तर सोमवारी वर्गात चूक कबूल करावी लागणार होती. त्यांनी 'स्वतः' असं लिहिलं. मनाशी म्हणाले, सोमवारी बघू.

सोमवारी आप्पासो आला. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात फौजेतला हिरवा स्वेटर. शाळेच्या पायरीखालीच उभा राहिला. "आवं सर, पोरगी म्हनती, माजा शबुद वहीत चढला. जरा बघू द्या की." सरांनी वर्गाकडं पाहिलं. समीक्षा जमिनीकडं बघत होती. घरी तिनं खोटंच सांगितलं होतं, हे त्यांना कळलं. वही टेबलाच्या खणात होती. वही तपासणीला तालुक्याला गेलीय, असं सरांनी सांगितलं.

"हाय न्हवं त्यात? मग झालं," म्हातारा म्हणाला आणि गेला.

समीक्षानं त्यानंतर एकही वापर आणला नाही. सरांनीही तिला विचारलं नाही.

हे सगळं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते राजमतीबाईंना, प्राचीनं दुसऱ्यांदा विचारलं त्या दिवशी. बायको सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, एवढी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून बोलला नाहीत. आज प्राची बोलली नसती तर?"

ज्ञानूकडून पत्ता लागला. समीक्षा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होती, सुटे भाग तपासायच्या कामावर. सरांनी फोन केला, भेटायला येतो म्हणाले, कशाला ते सांगितलं नाही. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेसाठी एक वाक्य लिहिलं. तिला हे आठवतही नसेल, असं त्यांना वाटत होतं. खरं तर तशी आशाच होती.

जेवणाच्या सुट्टीत ती गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर आली. कंपनीचा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. सरांनी विषय काढला तसं तिनं तो त्यांच्या तोंडातून काढूनच घेतला. आज्याचा स्वेटर कुठला होता तेही तिला आठवत होतं. आजा जाऊन चौदा वर्षं झाली होती. तोवर त्यानं अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलं होतं की आपला शब्द शाळेच्या वहीत आहे. सुट्टीवर आलेल्या प्रत्येक फौजीला सांगायचा.

"मला लय भ्या वाटायचं सर," ती म्हणाली. "कुनी तरी जाऊन वही बघंल आनि आज्याला सांगंल. वस्तीवरचं कुनाचंबी पोरगं शाळंत जायला निघालं तरी वाटायचं, आज वही बघतंय."

सरांनी आजवर एवढंच धरलं होतं की आपण एका पोरीचं नाव गाळलं. तिनं किती वर्षं काय राखलं होतं, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. काही बोलायचं म्हणून त्यांनी खिशातला कागद तिच्यापुढं केला. त्यावर होतं: 'एकेचाळिसाव्या नोंदीतील आप्पासो विरकर व समीक्षा विरकर यांची नावे अनवधानाने राहून गेली होती.'

तिनं वाचला आणि परत दिला.

"राहून गेली न्हाईत. तुमी घातली न्हाईत."

सरांनी पेन काढलं.

"आनि मेंढरांचंबी लिवा. वर्ग हसला ते. वही तालुक्याला गेलती ते."

सर म्हणाले, हे पुस्तक शाळेतल्या मुलांच्या हातात जाणार आहे, एवढं सगळं त्यात कशाला?

"तवाबी शाळंतली पोरंच व्हती की सर."

टपरीच्या बाकावर कागद मांडीवर घेऊन त्यांनी लिहायला सुरुवात केली. चार ओळींना बराच वेळ लागला. दोनदा खोडलं. आजूबाजूला कोटातली पोरं मिसळ खात होती, एकानं तिला विचारलंही की हे कोण पाहुणे. "आमचं सर," ती म्हणाली. लिहून झाल्यावर तिनं कागद घेतला, दोनदा वाचला. एकच दुरुस्ती सांगितली: आज्याचं नाव फौजेत लावायचे तसं पूर्ण लावा, आप्पासो कोंडीबा विरकर. सरांनी ते घातलं.

जाऊ द्या सर, झालं गेलं, असं ती म्हणेल याची ते वाट बघत होते. भोंगा झाला. तिनं चहाचे दोन्ही ग्लास टपरीवाल्याकडं दिले, "सावकाश जावा" म्हणाली आणि गेटातून आत गेली.

परतीच्या वाटेवर आपण यातलं काही तरी मवाळ करू, हे चौगुले सरांना स्वतःबद्दल चांगलं ठाऊक होतं. म्हणून बाकावरून उठायच्या आधीच त्यांनी कागदाचा फोटो काढून प्राचीला पाठवला. पाच मिनिटांनी तिचा फोन आला.

"सर, हे असंच टाकायचं?"

"असंच," ते म्हणाले. रस्त्यावरून ट्रक गेला, म्हणून पुन्हा म्हणाले, "असंच."