मामाचा आवाज आणि झटका मशीन

आमच्या मामाचा आवाज असा, की तो मोताळ्याच्या बाजारात शिंकला तर मलकापूर टेसनावरची गाडी सुटायची. ड्रायव्हरला वाटायचं, गार्डानं शिट्टी दिली. कोणाला खोटं वाटत असेल तर त्यानं गाडीला विचारावं.

आदल्या साली गुलाबी बोंडअळीनं मामाचा बीटी कापूस आतून पोखरून टाकला होता. पाकिटावर छापलेलं होतं की अळी येणार नाही, पण अळीला वाचता कुठं येतं? म्हणून पुढच्या साली मामानं कापूस लावलाच नाही. वावर बटाईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलं आणि आमच्या वावरातल्या घरी, आपल्या बहिणीकडं, म्हणजे माझ्या आईकडं येऊन बसला. हसणं बंद, बोलणं बंद. असला आवाज गप्प बसला की घर बहिरं झाल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात मलकापूरच्या एका कृषी केंद्रवाल्याला बोंडअळीचे पतंग पकडणारे सापळे गावोगाव विकायचे होते. ऑटोवर भोंगा लावून हंगामभर जाहिरात फिरवायची होती, आणि भोंग्यात आवाज कोणाचा घालायचा ते नमुना ऐकून ठरणार होतं. मामा ताडकन उठला.

"जिनं मले बुडवलं, तिच्याच नावानं बोंबलून आता पोट भरतो!"

रेकॉर्डिंगची कामगिरी अर्थातच माझ्याकडं आली, कारण जिल्ह्यात माझ्याइतका मोठा इंजिनियर नव्हता (हे मीच ठरवलं होतं). मी एक डबा बनवला होता. एका बाजूनं माइकचा आवाज खायचा आणि दुसऱ्या बाजूनं यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरात ओकायचा. वरून पोह्यांचा पत्र्याचा डबा, आत कुरिअरनं मागवलेली चिप आणि मेलेल्या हेडफोनच्या वायरी.

मामा पहिल्यांदा गरजला, "शेतकरी बंधूंनो!" कॉम्प्युटरनं उत्तर दिलं, "घूंऽऽऽ." जणू आग्या मोहळ उठलं.

बाबा खाटेवरून म्हणाले, "याच्यापरीस आपली म्हैस बरी. थे निदान थांबून थांबून रेकते."

मी एकेक वायर तपासली. माइकच्या वायरीवरची जाळी दोन्ही टोकांना जोडली होती, ती एकीकडून सोडली. घूं कमी झाली, गेली नाही. लॅपटॉपचा चार्जर काढला, तर घूं गेली आणि लॅपटॉपही गेला, कारण त्याची बॅटरी कधीच वारली होती. मग ध्यानात आलं, की पत्र्याला हात लावला की घूं दबते.

"मंग हात लावूनच बस ना बे," मामा म्हणाला. पण इंजिनियरला हे शोभतं का? डब्याला अर्थिंग पाहिजे होतं. आमच्या सॉकेटचं तिसरं भोक मात्र फक्त मुंग्यांच्या राहण्याची सोय म्हणून होतं.

अख्ख्या शिवारात चांगलं अर्थिंग एकच, बाबांच्या झटका मशीनचं. रोही (म्हणजे नीलगाई) आणि रानडुकरं कापसात शिरू नयेत म्हणून वावराभोवती तार ओढलेली, आणि ही मशीन त्या तारेला दर सेकंदाला एक झटका द्यायची. तिची सळई विहिरीजवळ मीठ-कोळसा घालून खोल गाडलेली. लोक सकाळी तुळशीला पाणी घालतात, बाबा त्या सळईला घालायचे.

डब्याची वायर नेऊन मी त्या सळईला गुंडाळली. निंदणाच्या दिवशी पाहुणे गायब होतात तशी घूं गायब! मी उड्या मारल्या. आणि मग ऐकू आलं, "टक्."

जरा थांबून, "टक्."

भिंतीवरचं घड्याळ बाहेर ठेवलं. मोबाइल ज्वारीच्या कोठीत पुरला. फ्रिज बंद केला. भिंतीवरच्या पालीलाही संशयावरून हाकललं. टक् काही हलेना. शेवटी खिडकीतून नजर गेली, तर मशीनचा लाल दिवा लागायचा आणि त्याच ठेक्यावर डब्यात टक् व्हायचं. म्हणजे सळईतून घूं तिकडं गेली होती आणि झटका इकडं आला होता.

"बाबा, मशीन जराशी बंद करा."

"काऊन?"

"तिची टक्‌टक् माह्या डब्यात येते."

"मंग डबा बंद कर. मशीन बंद झाली की रोही पंगतीले बसल्यासारखे बसतात कापसात. साल्याच्या गळ्यापायी मी बोंडं चारू?"

एरवी मामानं यावर चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी हळू बोलला. "भाऊजी, ऑटोवाला येऊनच राह्यला. नमुना नाई देल्ला तं थो शहरातल्या पोट्ट्याचा आवाज घेईन. थ्या पोट्ट्यानं जिंदगीत कापसाची पऱ्हाटी नाई पाह्यली." 

मामाला हळू बोलता येतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाबांनी काठी उचलली.

"चहा उकळेपर्यंत बंद करतो. मी वावराच्या धुऱ्यावर उभा राह्यतो. पण एक बोंड जरी गेलं तं तुले दावणीले बांधीन."

मशीन थांबली. डब्यात शांतता. मामा माइकसमोर गरजला, "शेतकरी बंधूंनो! चोर आला! दार वाजवत नाई, सरळ बोंडात शिरतो! अशी अळी वावरात आली तं तिले काय म्हनान?"

इथं मामानं श्वास घेतला, तर खिडकीचे पडदे आत ओढले गेले. आणि नेमकी तेव्हाच धुऱ्यावरून बाबांची आरोळी आली, "हाड्! निंग! निंग माह्या वावरातून, नाईतं तंगडं तोडीन!"

डुकरांचा कळप शिरला होता. बाबांच्या मते कळप, आईच्या मते शेजाऱ्याची बकरी.

मामानं तोंड माइकच्या आणखी जवळ नेलं. मग म्हणाला, "आयकलं? असंच म्हना! अन् तरी आयकत नसंन तं सापळा लावा!" आणि एका दमात जाहिरात संपवली. मी ती थेट पेनड्राइव्हवर सेव्ह केली आणि लाइट गेली. फाटकाशी ऑटोचा हॉर्न वाजला. पुन्हा रेकॉर्ड करायला ना लाइट, ना वेळ.

ऑटोवाल्यानं पेनड्राइव्ह भोंग्याला लावला. मामानं खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड लपवलं. बाबांच्या आरोळीशी ऑटोवाला इतका हसला की सीटवरून घसरला. त्यानं कृषी केंद्राच्या मालकाला फोन लावून फोनच भोंग्यासमोर धरला.

मालकानं विचारलं, "हे दुसरे बुवा कोन?"

"घरमालक हायेत," ऑटोवाला म्हणाला.

"मंग दोघायलेही ठेव."

हंगामभर मामाचा आवाज उंद्रीपासून मलकापूरपर्यंत फिरला, आणि घरात मामा पुन्हा शिंकायला लागला. बाबा मात्र रागावलेले. म्हणे, न विचारता आपल्याला भोंग्यात घातलं. मालकानं पुढची जाहिरात मागितली, तेव्हा मशीन बंद करायला बाबांना कसं मनवावं, या काळजीत मी बाहेर आलो, तर मशीन आधीच बंद होती आणि बाबा धुऱ्यावर उभे राहून घसा खाकरत होते. समोर रोही नाही, डुक्कर नाही, बकरीसुद्धा नाही.