लिहायचा ण, म्हणायचा न

घरी लग्नपत्रिका आली की आमचे पप्पा तारीख बघायच्या आधी लाल पेन शोधतात. ‘आशिर्वाद’ दिसला की संपलंच. पप्पा, म्हणजे उत्तमराव, एकतीस वर्षं राहुरीला कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या पिशव्यांवर लेबलं लिहीत होते; चुकीचं अक्षर त्यांना कुसळासारखं सलतं. बोलणंही छापल्यासारखं. लहानपणी माझ्या तोंडून एकदा ‘पानी’ निघालं, तर ‘पाणी’ म्हणेपर्यंत तांब्या मिळाला नव्हता. त्या तांब्याचा राग मला अजून आहे.

अशा माणसाने पोरवयात एक अख्खी भाषा रचली होती. ते आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी भिमाआत्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे. मुकादमाला कळू नये म्हणून दोघांनी आपले शब्द काढले. मुकादम म्हणजे ‘टोण्या’, तहान म्हणजे ‘चिणका’. शब्द आत्याला सुचायचे, वहीत पप्पा उतरवायचे. साठी उलटली तरी दोघं फोनवर त्याच भाषेत खिदळायची आणि आई चिडायची, माझ्याच चहाड्या चालल्यात म्हणून.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. घर फार गप्प झालं. एक दिवस पप्पांनी ती वही माझ्या कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

“सायली, एकट्याने बोलायची भाषा नसते गं. मला ती एकदा दुसऱ्या तोंडून ऐकायची आहे.”

मग मी वहीतल्या अक्षरांवरून उच्चार काढणारा प्रोग्राम लिहायला घेतला. चहातला च कुठे आणि चुलीतला च कुठे, यातच पंधरा दिवस गेले. रविवारी पप्पांनी स्वतः वाक्य टाईप केलं: “टिणू, रुचा बोणी.” टिणू म्हणजे पप्पा स्वतः. टिणू, जेवायला ये.

मशीनने वाक्य अगदी ठणठणीत म्हटलं. पप्पांचा चेहरा उतरला.

“बरोबर आहे. पण मला अशी हाक कोणी मारलीच नाही.”

माझं डोकं सटकलं. “लिहिलंय तेच वाचलं त्याने. वहीत ण तुम्हीच लिहिलाय ना?”

“मीच लिहिलाय,” ते म्हणाले. “अक्का ‘टिनू’ म्हणायची. तिची शाळा चौथीत सुटली आणि मी सहावीतला दीडशहाणा. म्हणालो, अडाणी कुठली, तुला ण म्हणता येत नाही. तिचा एकेक न खोडून वर ण लिहिला.”

वही उजेडाला धरली तर खरंच, प्रत्येक ण च्या खाली खोडलेला न होता.

“ती चिडली नाही?”

“हसली. म्हणाली, ‘तू लिही बाबा तुझा ण. मी माझा न म्हनते.’ मला आत्ता लाज वाटतेय, सायली.”

मी खाली मान घालून एक नियम वाढवला: ण दिसला की न म्हणायचं. मग पुन्हा बटण दाबलं.

“टिनू, रुचा बोनी.”

आवाज मशीनचाच होता, कोणा परक्या बाईचा. तरी पप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले.

“आलो गं अक्का,” ते म्हणाले. “पानी पिऊन आलो.”