सूर लवकर सोडणारं लाकूड

“जोरात बोलू नका. समोर बसून, तोंड दिसंल असं बोला,” त्या बाई मला म्हणाल्या.

तोवर मी तीनदा ओरडून विचारलं होतं, बेस चार तारांचा हवा की पाच. समोरचे गृहस्थ माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होते. हे प्रकाशराव. कराडशेजारच्या मलकापूरचे. एका ऑर्केस्ट्रात सव्वीस वर्षं बेस गिटार वाजवत होते. बाई त्यांच्या पत्नी, शोभाताई. दोघं सकाळच्या एसटीनं मिरजेला माझ्या वर्कशॉपवर आले होते.

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सतारी होतात. मी त्यातून बाजूला होऊन इलेक्ट्रिक गिटार आणि बेस करायला लागलो. बेस म्हणजे जाड तारांची, खर्जातली गिटार. गाण्यात ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण थांबली की गाणं पोकळ वाटतं.

मी स्टूल ओढून समोर बसलो आणि हळू बोललो. तेव्हा सगळं कळलं. प्रकाशरावांचे कान जात होते. सांगलीत विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, मशीन लावून घरातलं बोलणं थोडंफार कळेल, स्टेजवर उपयोग नाही. जे उरलंय तेही फार दिवस राहणार नाही.

“ऐकू येत न्हाई त्याचं सोडा,” प्रकाशराव म्हणाले. “पण माझा सूर वाजला का न्हाई, हेच मला कळंना झालंय. म्हणून हात जोरात पडतो. तारा खडखडत्यात. मोहनराव म्हणले, सीझनच्या आधीच्या प्रॅक्टिसला नीट वाजव. न्हाईतर कीबोर्डवालाच डाव्या हातानं बेस धरंल.”

मोहनराव म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक.

“त्यांना कानाचं सांगितलंय?” मी विचारलं.

“न्हाई,” शोभाताई म्हणाल्या. “हे सांगू देत न्हाईत.”

मी विचार केला. बेसच्या दांडीवर पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. बोट बरोबर पडद्यात पडलं की सूर चुकत नाही. तारा सुरात लावायला, सूर जुळला की दिवा लागतो असा ट्यूनर मिळतो. ताल ड्रमरच्या हाताकडे बघून धरता येतो. त्यांना पाहिजे होतं ते एवढंच, आपला सूर कधी सुरू झाला, किती जोरात, कधी संपला. बेसचा खर्ज इतका खालचा असतो की तो अंगाला जाणवतो. मग तो कानाऐवजी छातीतून कळायला काय हरकत होती?

त्यांचा जुना बेस मी छातीला लावून वाजवला. जड, कडक, दगडासारखा. मला जवळजवळ काहीच जाणवलं नाही. खरं तर ही चांगल्या बेसची खूण आहे.

लोक मला विचारतात, कुठल्या लाकडाचा टोन चांगला. मी सांगतो, इलेक्ट्रिकमध्ये आधी पिकअप, मग तारा, मग तुमची बोटं, लाकूड त्यानंतर. पिकअप म्हणजे तारांखालचं लोहचुंबक. तारेच्या हलण्यातून ते करंट तयार करतं आणि तो स्पीकरला जातो. लाकडाचं हलणं त्याला फारसं कळत नाही. पण लाकूड एक काम नक्की करतं. ते तारेकडून थोडी ताकद काढून घेतं. कडक लाकूड कमी घेतं, म्हणून सूर लांब टिकतो. हलकं, जिवंत लाकूड थरथरतं, आणि जेवढं थरथरतं तेवढं तारेतून कमी होतं.

आठ दिवसांनी त्यांना परत बोलावलं. तोवर मी तीन लाकडांच्या तीन बॉडी कापून ठेवल्या होत्या. एक सागवान, एक शिवण, एक तून. तून आमच्या सतारीचं लाकूड, वजनाला हलकं. दांडी, पिकअप, तारा त्याच ठेवायच्या आणि बॉडी तेवढी बदलायची. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, बंद. प्रकाशरावांनी बेस छातीशी धरून डोळे मिटायचे. मी समोरून कुठलीही तार छेडायची. सूर आला की त्यांनी हात वर करायचा, संपला की खाली.

सागवानाला हात अधूनमधूनच वर आला. शिवणाला अर्ध्या वेळा. तूनला प्रत्येक वेळी आला. मी अगदी हलकं छेडलं, तरी आला. खाली कधी घ्यायचा तेही बरोबर कळत होतं.

“थांबला,” ते डोळे मिटूनच म्हणाले. “आता कळतंय बगा.”

शोभाताई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

ते दोघं गेल्यावर मी तूनचा बेस ॲम्पला लावला. मला जे वाटत होतं तेच निघालं. ठोका गोड, पण सूर लगेच खाली बसत होता. बारीक तारेवर दांडीच्या मध्याजवळ एक जागा तर अशी होती, की सूर वाजला न वाजला तोच मेला. अशा जागेला आमच्यात डेड स्पॉट म्हणतात. मी दांडीत पोलादी पट्ट्या घातल्या. ती जागा थोडी सुधारली. बाकीचा सूर आखूडच राहिला.

हे त्यांना सांगायला पाहिजे होतं. मी फोन केला. शोभाताईंनी उचलला.

“भाई, काल जेवताना हे ताटाच्या कडेवर बोटं वाजवत हुते,” त्या म्हणाल्या. “लय दिवसांनी.”

मी विचारलं, “रंग कोणता द्यायचा?”

बस्स. एवढंच विचारून मी फोन ठेवला.

प्रॅक्टिस विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये होती, दुपारी. प्रकाशराव तूनचा नवा बेस घेऊन आले होते, मीही जाऊन मागं बसलो. पहिली दोन गाणी जलद होती. प्रकाशरावांचा हात हलका पडत होता, एकदाही तार खडखडली नाही. ड्रमरनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि हसला.

तिसरं गाणं संथ होतं. बेसनं एक सूर धरून ठेवायचा आणि गायिकेनं त्यावर आलाप घ्यायचा. प्रकाशरावांनी सूर छेडला आणि बोट दाबून धरलं. त्यांच्या छातीला तो भरपूर होता. हॉलमध्ये तो निम्म्यातच संपला. साउंडवाल्यानं आवाज वाढवला. ठोका तेवढा मोठा झाला, सूर काही लांबला नाही. प्रकाशराव समाधानानं वाजवत होते. त्यांना कळायला मार्गच नव्हता.

मोहनराव माझ्याशेजारी येऊन बसले.

“हात सुधारलाय त्येचा,” ते म्हणाले. “पण बेस बसतोय. संथ गाण्याला खाली जमीनच न्हाई.”

“ते लाकडामुळं आहे,” मी म्हणालो. “त्यांची चूक नाही.” आणि काय केलं, का केलं, ते सगळं सांगितलं.

“त्येला ऐकू येत न्हाई ते मला वर्साभरापासनं म्हाईत हाय,” मोहनराव म्हणाले. “म्हणून तर थांबलो हुतो. पण पब्लिकला मी लाकडाचं काय सांगू?”

त्या सीझनला कीबोर्डवाल्यानं बेस धरायचा ठरलं.

प्रकाशरावांना ते मोहनरावांनी सांगितलं. का, ते मी सांगितलं. हॉलच्या पायरीवर त्यांच्यासमोर बसून, एकेक शब्द सावकाश. सूर कुठं जातो, मला कधी कळलं, आणि मी फोनवर का गप्प बसलो, तेसुद्धा. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

“आदी सांगितलं असतंसा तरी मी ह्योच घेतला असता,” ते शेवटी म्हणाले. “पण सांगाया पायजे हुतं.”

“सागवानाचा करून देतो. पंधरा दिवसांत.”

“त्यात मला कळंल?”

“फारसं नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

शोभाताईंनी बेसची बॅग उचलली. प्रकाशरावांनी ती बायकोच्या हातातून काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि दोघं स्टँडकडे गेले.

हिवाळ्यात दांडी थोडी वाकली, म्हणून शोभाताईंचा फोन आला. मी मलकापूरला गेलो. प्रकाशरावांना तोवर काहीच ऐकू येत नव्हतं. बोलणं पाटीवर लिहून चालायचं. ते दुपारी जेवण झालं की बाहेरच्या खोलीत ॲम्पशिवाय वाजवत बसायचे, हनुवटी बेसच्या वरच्या टोकाला टेकवून. हाडातून जास्त कळतं, हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं.

“मला सैपाकघरात कायसुदीक ऐकू येत न्हाई,” शोभाताई म्हणाल्या. “त्यास्नी इचारलं तर म्हणत्यात, वाजतंय की.”

मी दांडी सरळ केली. प्रकाशरावांनी चारही तारा छेडून बघितल्या, मान हलवली आणि मला चहा प्यायला बसवलं. ऑर्केस्ट्राचा विषय कुणी काढला नाही.

आता ऑर्डर घेताना मी आधी बेस ॲम्पला लावतो आणि त्या लाकडाचा सगळ्यात वाईट सूर ऐकवतो. चांगला मग. काही गिऱ्हाइकं वाईट सूर ऐकूनच उठून जातात. जाऊ देतो.