मागे घेतलेला कौल

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मी वकिलीच्या सनदेचा अभ्यास सुरू केला. ठाण्याच्या एका साप्ताहिकात कचेरीच्या बातम्या लिहिण्याची नोकरी होती; ती सोडून शिकायला जाणे शक्य नव्हते. पुण्याचे एक वृद्ध वकील दर पंधरवड्याला टपालाने प्रश्न पाठवत. मी उत्तरे लिहून धाडी आणि ती तपासून परत येत. अशी सहा वर्षे गेली. परीक्षेत दोनदा नापास झालो. तिसरी खेप शेवटची, असे घरी सांगून ठेवले होते. तिला महिना उरला असताना वहिवाटीच्या हक्कावरचे माझे उत्तर परत आले. त्यावर त्या वकील गुरुजींनी एकच ओळ लिहिली होती: ‘पाठ आहे, समजलेले नाही.’

ती ओळ खरी होती, म्हणूनच लागली. इतकी वर्षे मी देवापुढे हात जोडत होतो ते कोणी ऐकत तरी होते का, अशीही शंका मनात आली. शेवटी होडीने खाडी ओलांडून कळव्याच्या बाजूच्या गावदेवीला गेलो आणि कौल लावला. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर परीक्षेला बसायचे, डावी पडली तर पुस्तके बांधून ठेवायची. तासभर एकही पडली नाही. कौल मिळाल्याशिवाय उठायचे नसते, म्हणून बसून राहिलो.

माझ्यामागे एक आगरी बाई आपल्या पाळीची वाट पाहत होती. तिचे मिठागर होते. भरतीचे पाणी ज्या पाटाने आत येई, तो शेजाऱ्याने चिखल घालून बुजवला होता; पाण्यावाचून यंदा मीठ पिकणार नव्हते. पाट किती वर्षांचा, असे मी विचारले. सासऱ्याच्या आधीपासूनचा, असे ती म्हणाली. पाणी घेताना तुम्ही शेजाऱ्याची परवानगी मागत होतात का, असेही विचारले.

तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. “परवानगी कनाला? पानी देवी देते, दादा. इचारीत बसलं तं भरती उतरून जाते.”

जे मी सहा वर्षे घोकत होतो, ते त्या क्षणी मला कळले. परवानगीने वापरणे वेगळे आणि हक्काने वापरणे वेगळे. मी तिला सांगितले की इतक्या वर्षांची, परवानगी न मागता केलेली उघड वहिवाट हाच तिचा हक्क आहे. शेजाऱ्याला पाट बुजवता येत नाही, मामलेदाराकडे अर्ज कर. शब्द आपोआप येत होते.

“तुला सगला ठावं हाय,” ती म्हणाली, “मंग हितं काय इचारतंस?”

गुरवाला सांगून मी कौल मागे घेतला आणि तिथेच ओट्यावर बसून तिचा अर्ज लिहून दिला. पुढे पाट मोकळा झाला.

मी परीक्षा दिली. निकाल यायचा आहे. त्या बाईला माझ्याकडे देवीने पाठवले की मला तिच्याकडे, हे मी ठरवू शकत नाही. दोघींसाठीही मी कृतज्ञ आहे. सहा वर्षे रोज अभ्यासातून जे माझ्या पदरात पडत होते, ते घ्यायचे सोडून मी पुढचे काय होईल एवढेच विचारत राहिलो. आता देवळात गेलो की काही विचारत नाही. नमस्कार करतो आणि कामाला लागतो.